फिनेलबाईंचं जेवण

बाई जेवणघरात पाऊल टाकायच्या आणि आतला गलका बंद व्हायचा. वाढप्याच्या हातातली पळी तशीच हवेत राहायची. घामाघूम झालेला आचारी घाम पुसू की नको अशा पेचात पडायचा. पंगतीला बसलेली पोरं भुरके मारायचं थांबवून वर बघायची. बाई कुणावर ओरडत नसत. त्या नुसत्या बघत. आधी हातांकडे, मग नखांकडे, मग भांड्यांच्या बुडाकडे आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या तोंडाकडे. थोड्या वेळानं त्या बाहेर पडल्या, की आत पुन्हा पळ्या वाजायला लागायच्या आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, "गेली रं फिनेलबाई."

हे नाव त्यांना आमच्या बोर्डिंगातल्या पोरांनी दिलं. ते कसं पडलं ते पुढं सांगते, कारण ती गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. आम्ही नर्स त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. उंच, काटकुळी अंगलट, पांढरं पातळ, एका हातात घड्याळ, दुसरा हात मोकळा. बांगड्यांखाली पीठ अडकतं म्हणून बांगडी नाही. हसल्या की छान दिसायच्या, पण ते दर्शन फार दुर्मीळ होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गावोगावच्या बोर्डिंगांत पोरांची खच्चून भरती झाली होती, कारण घरी चूल पेटेल याची कुणालाच खात्री नव्हती. एकेका चुलाण्यावर शेदीडशे पोरांचा स्वयंपाक व्हायचा. त्यात एक भांडं बिघडलं की अख्खी शाळा आडवी. म्हणून मोठं बोर्डिंग असलेल्या शाळांना एकेक नर्स द्यायचं ठरलं, आणि खाण्यातून होणारी विषबाधा कशी टाळायची, झालीच तर काय करायचं, हे त्या नर्सना शिकवायला बाईंना नेमलं. त्या आरोग्य खात्यातल्या जुन्या नर्स. सुट्टीत शिकवायच्या आणि मग वर्षभर शाळाशाळांतून फिरून आम्ही शिकलेलं विसरलो नाही ना, ते बघायच्या.

मी मूळची खादाड. दवाखान्यात पेशंटची मोसंबी उरतात म्हणून ही नर्स झाली, असं माझी आई चारचौघांत सांगायची. अशा मुलीला अन्नाकडे संशयानं बघायला शिकवणं म्हणजे काय, ते बाईंनाच ठाऊक. सांगलीच्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीत आमचे वर्ग भरले. पहिल्या दिवशी बाईंनी काहीच शिकवलं नाही. पातेलंभर भात शिजवायला लावला, झाकायला लावला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी झाकण काढून एकेकीला वास घ्यायला बोलावलं. भाताला कसलाही वास नव्हता. आमच्यात विट्याची एक सिस्टर होती, गोरी, गोल, तिचे दोघे भाऊ मद्रासला गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे. ती म्हणाली, "बाई, कांदा टाकून फोडणी दिली की फक्कड लागंल बघा." आम्ही सगळ्या हसलो.

बाई हसल्या नाहीत. "नाकानं सांगितलं, चांगला आहे," त्या म्हणाल्या. "नाकाला काय कळतं? ज्यानं पोरं आजारी पडतात त्याला वास असतोच असं नाही. नाकावर जाऊ नका, घड्याळावर जा." मग मैदानाच्या कडेला खड्डा काढून तो भात आम्हाला पुरायला लावला. मला तेव्हा भरून आलं होतं, आणि ते भाताच्या काळजीनं, विद्येच्या नव्हे. पण त्यानंतर मी कुठल्याही आचाऱ्याला 'चांगलं आहे ना' असं विचारलं नाही. बाईंसारखंच विचारलं, 'उतरवलं कधी?'

ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले की पोराला पाजायचं मीठ-साखरेचं पाणी त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं, की झोपेतही हात साखरेच्या डब्याकडे जावा. चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ते टाकून नवं करायचं. पाटणची एक लहानखुरी सिस्टर होती, नुकतीच शिकून आलेली. तिनं भाबडेपणानं विचारलं, "बाई, डोळ्यांतलं पाणी किती खारट असतं ते कसं कळायचं?" बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कळतं. नोकरी लागलीये ना, कळेल." आम्ही पुन्हा हसलो. तेव्हा आम्हाला कशाचंही हसू यायचं.

बाईंच्या या कडकपणाच्या मागे काहीतरी घडलेलं असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. त्यांचं एक मूल म्हणे जत्रेतला पेढा खाऊन गेलं. कुणी म्हणायचं, धाकटा भाऊ. एकदा एसटीत शेजारी बसल्यावर मी धीर करून विचारलंच. त्यांना राग आला नाही. "नाही गं. कुणी गेलं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस मेल्याशिवाय शिकत नाही, असं तुला वाटतं का? मी पुस्तकात वाचलं आणि मला पटलं." लग्न झालं होतं का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. गाव विचारलं, तर कोयनेच्या वरच्या अंगाला होतं म्हणाल्या. धरणात गेलं. माणसं लांबलांब नव्या जमिनींवर पांगली, आणि त्यांतल्या कुणाचा पत्ता बाईंकडे असल्याचं मला कधी दिसलं नाही.

बाई कुणाकडे जेवत नसत. चहा घेत, पाणी घेत, जेवण नाही. ज्याची चूल तपासायची त्याच्या घरी जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. पहिल्यांदा मला ती घमेंड वाटली. मग एक प्रसंग घडला आणि तो नेम त्यांना किती जड जातो ते मी जवळून पाहिलं.

सांगलीकडच्या एका बोर्डिंगात दुपारच्या जेवणानंतर पोरं धडाधड ओकायला लागली. मी त्या दिवशी बाईंबरोबर शेजारच्या गावच्या शाळेत होते. खात्याची जीप घेऊन आम्ही पोचलो तेव्हा तिथली सिस्टर रडायच्या बेतात होती, हेडमास्तर नुसते येरझाऱ्या घालत होते आणि पोरं व्हरांड्यात कशीही पडली होती. बाईंनी पातळाचा पदर खोचला. आम्हा दोघींना पाणी करायला बसवलं आणि पोरांना म्हणाल्या, "ज्यांनी ताक प्यायलं ते चिंचेखाली. नाही प्यायलं ते विहिरीकडे." मग भाताचं विचारलं, मग आमटीचं. असं करता करता चित्र स्पष्ट झालं. विहिरीकडे सर्दी झालेली चारदोन पोरं होती, ज्यांना ताक दिलंच नव्हतं, आणि ती ठणठणीत होती. बाई जेवणघरात गेल्या. ताकाचं पितळी पातेलं उलटं करून उजेडात धरलं. आतली कल्हई पार उडाली होती. त्यात सकाळपासून ताक कळकत पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत पोरं उठून बसली, एकदोघं तर चेंडू शोधायला लागली. पण आचारी उठेना. म्हातारा माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे. तो चुलाण्यापाशी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बाई त्याला लागेल असा एक शब्दही बोलल्या नाहीत. उद्या कल्हईवाला येईल, तोवर या भांड्यात आंबट घालायचं नाही, एवढंच सांगितलं. आम्ही निघताना मामा हात जोडून आडवा आला.

"आवं बाई, माज्या हातची एक भाकरी खाऊन जावा. म्हंजी मला कळंल तुमी मला माफ केलंसा."

"माफ करण्यासारखं काही नाही, मामा. मी कामावर जेवत नाही."

"एक घास घ्या. नुसता घास."

बाईंनी मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मला राग आला होता. एका म्हाताऱ्याचं मन राखायला घासभर भाकरी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? मी तसं बोललेही. बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आज त्याच्या हातचं खाल्लं असतं तर पुढच्या खेपेला त्याचं पातेलं उलटं करताना माझा हात अडखळला असता. त्याचा नाही, माझा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाकरी चांगली भाजतो तो. वास येत होता."

आता त्या नावाची गोष्ट.

माझं बोर्डिंग कृष्णाकाठच्या एका उसाच्या गावात होतं. पण ऊस बागायतदारांच्या शिवारात, बोर्डिंगातल्या पोरांच्या ताटात मिलो. मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा जोंधळा. त्याची भाकरी चावता चावता पोरांचे जबडे दुखायचे. गावात एक रिवाज होता. लग्नकार्यात उरलेलं अन्न बोर्डिंगाला पाठवायचं. पोरं खुश, यजमानाला पुण्य, आणि एकदा बोर्डिंगाला दिलेलं अन्न परत घरी न्यायचं नाही, ते नव्या नवरीला चांगलं नसतं, असं मानायचे. मी रुजू झाले तेव्हापासून हा रिवाज मोडायला बघत होते. लोक हो हो म्हणायचे आणि घमेली घेऊन यायचे.

त्या दिवशी सुभेदारांच्या लेकीचं लग्न होतं. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, शाळेला जागा त्यांनीच दिलेली, दिलदार माणूस. बाई नेमक्या तपासणीला आलेल्या. दिवस कलला आणि सुभेदार स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन मोठी पातेली घालून हजर झाले. गव्हाची खीर होती. गूळ, खोबरं, वेलदोडे. पोरांना कुणी सांगावं लागलं नाही, ती थाळ्या घेऊनच धावली.

"सिस्टर, पोरांस्नी बसवा," सुभेदार म्हणाले. "आज पोटभर खाऊंद्यात."

मी बाईंकडे बघितलं. बाई पुढं झाल्या. "सुभेदार, खीर उतरवली कधी?"

"सकाळी की. वऱ्हाड यायच्या आदी."

"दूध आहे यात?"

"म्हंजी काय? हात आखडता घेतला न्हाई आमी. घागरींनी दूध वतलंय."

"आणि दिवसभर मांडवात होती. या उन्हात."

"झाकून हुती, बाई. केळीची पानं घातल्याती वर."

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. नीट, आदरानं सांगितलं, की एवढ्या उन्हात दुधाची खीर इतका वेळ राहिली की तिचा भरवसा नाही, तुम्ही परत घेऊन जा, पोरांना दुसऱ्या दिवशी ताजं काही करून द्या. सुभेदारांचा चेहरा उतरला. "परत? बोर्डिंगाला आनलेलं परत न्यायचं? लेकीच्या लग्नातलं? तसं न्हाई करत आमच्यात."

म्हणजे खीर परत जाणार नव्हती. आणि ती बोर्डिंगात राहिली असती, तर बाईंची पाठ फिरताच पोरांनी पातेली चाटूनपुसून साफ केली असती. हे बाईंना कळलं आणि मलाही कळलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फिनेलची बाटली आण." मी आणली. त्यांनी बूच काढून ती दोन्ही पातेल्यांत उपडी केली. गुळाच्या खिरीवर पांढरं पांढरं पसरत गेलं. वेलदोड्याच्या वासात फिनेलचा वास मिसळला. थाळ्या धरून उभी राहिलेली पोरं हलली नाहीत. धाकटी मुसमुसायला लागली.

सुभेदार चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, ते वाईट झालं. एवढंच म्हणाले, "बाई, पल्टनीत असताना भुकेली मानसं झाडाचा पाला खाताना बघितली. अन्नात असं वतताना कुनाला बघितलं न्हवतं." आणि फेटा सावरत पायीच निघून गेले. ट्रॉली तिथंच राहिली. पोरांनी त्या दिवशी मिलोची भाकरी खाल्ली आणि खाता खाता बाईंचं बारसं केलं.

याच्या पुढचं आठवलं की मला आजही कसंतरी होतं. खिरीचं तिसरं पातेलं सुभेदारांच्या घरी होतं. ते त्या संध्याकाळी त्यांच्या घरच्यांनी आणि पाहुण्यांनी संपवलं. कुणाला काही म्हणजे काही झालं नाही. साधी करपट ढेकरही आली नाही. दुसऱ्या दिवशी चावडीवर, पारावर, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. "आमी खाल्ली की वं! मेलो का?" महिन्याभरात ती गोष्ट इकडे साताऱ्यापासून तिकडे मिरजेपर्यंत पोचली, आणि जाता जाता दोन पातेल्यांची सात पातेली झाली.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा मी कुरकुरले. "बाई, त्यांना काहीच झालं नाही."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

"पण मग आपण उगीच..."

"ते मला कधी कळणार नाही. आपली पोरं आजारी पडली असती की नसती, हे आता कुणालाच कळणार नाही. काही झालं असतं तर लोकांनी मला शहाणी म्हटलं असतं. पण मी तसं व्हावं म्हणून देवाला सांगू का?" हे बोलताना त्यांचा आवाज जरा चढला. तेवढा एकदाच मी तो चढलेला ऐकला.

त्यानंतर लोकांनी बाईंना बोलावणं सोडलं. म्हणजे खात्यातल्यांच्या घरच्या लग्नपत्रिका यायच्या, नाही असं नाही. बाई जायच्याही. पण त्या मांडवात दिसल्या की घरच्या बायका एकमेकींना खुणा करायच्या, आणि आचाऱ्याजवळ कुणीतरी जाऊन उभं राहायचं. बाईंना ते कळायचं. त्या अक्षता टाकायच्या, आहेर द्यायच्या आणि पान वाढायच्या आधी निघायच्या. कुणी 'थांबा' म्हणायचं नाही. उलट त्या गेल्यावर पंगतीला रंग चढायचा. मी अशा दोन-तीन पंगतींत होते. माझ्या घशाखाली जिलेबी उतरायची, खोटं कशाला बोलू, पण बाहेरच्या रस्त्याकडे डोळे जायचे.

एकदा साताऱ्यात माझी शेवटची गाडी चुकली आणि मी त्यांच्या खोलीवर राहिले. मंगळवार तळ्याकडच्या एका बोळात वरच्या मजल्यावर खोली. आत एक स्टोव्ह, एक पातेलं, एक तवा, एक ताट. बाईंनी पिठलं-भात केला, मला ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. मी म्हटलं, "तुम्हीही घ्या ना बरोबर." त्या म्हणाल्या, "तुझं होऊ दे. ताट एकच आहे." मी भराभर जेवायला लागले तर म्हणाल्या, "सावकाश. माणूस जेवताना बघायला बरं वाटतं. कामावर बघते ते वेगळं." माझं झाल्यावर त्यांनी ताट घासलं, कोरडं केलं आणि मग त्यात स्वतःला वाढून घेतलं.

त्या दिवशी त्यांनी मला मनातलं सांगितलं. "निवृत्त झाले की मी जेवणार आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. पाटणच्या सिस्टरकडे जाऊन नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण. विट्याच्या सिस्टरकडे तिचे भाऊ दिवाळीला येतात तेव्हा, कारण तिची आई त्या दिवसांत म्हणे अनारसे करते. मामाची भाकरी, मामा असला तर. "एकदा का माझ्या हातातलं तपासणीचं काम सुटलं की मग माझा हात अडखळायचा प्रश्नच नाही. कुणीही बोलावू दे. पंगतीत मधोमध बसेन." हे सांगताना त्या हसल्या. मी म्हटलं, "पहिलं जेवण माझ्याकडे." तर म्हणाल्या, "तुझं आधी लग्न होऊ दे. तुझ्या हातचं पिठलं मी बघितलंय वर्गात, त्यापेक्षा तुझ्या सासूच्या हातचं खाईन."

लग्न झालं. वाईच्या रस्त्यावर फाट्यापासून आत एक गाव आहे, ते माझं सासर. लग्नानंतर रजेवर असताना बाईंच्या निरोपसमारंभाचं कळलं आणि मी सरळ सासरहून साताऱ्याला गेले. सगळी तयारी माझ्या मैत्रिणींनी केली होती. दोन्ही जिल्ह्यांतल्या, बाईंनी घडवलेल्या. हॉलमध्ये पताका, हार, आणि मधोमध पांढरी चादर घातलेलं लांबलचक टेबल.

मी टेबलाकडे बघितलं. केळी होती. संत्री होती. भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा, टरफलांसकट. बिस्किटांचे न फोडलेले पुडे, नीट रचून ठेवलेले. एका बाजूला शहाळी आणि कोयता. स्टोव्हवर चहा उकळत होता. ज्याला स्वतःची साल नाही किंवा वरून कागद नाही, असं त्या टेबलावर काहीच नव्हतं. विट्याच्या सिस्टरनं, तीच ती फोडणीच्या भाताची, पुढं होऊन अभिमानानं सांगितलं, "बाई, आम्ही तुमचं सगळं पाळलंय बघा. कुणाच्याही हाताचा स्पर्श झालेला एकही पदार्थ नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, इतकं प्रेम होतं त्यात. घरून काही करून आणायची छाती एकीलाही झाली नव्हती, आणि ते बाईंच्या भीतीपोटी नव्हे, त्यांच्यावरच्या मायेपोटी. निदान आज त्यांना नावं ठेवायला जागा नको, एवढंच बिचाऱ्यांच्या मनात होतं. बाईंनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. तपासणीला फिरवायच्या तशीच. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. कुठंही चूक नाही." आणि एक केळं घेऊन सोललं. ते त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत खाल्लं. भाषणात त्यांनी सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले.

बाईंनी वाईत घाटाजवळ एक खोली घेतली होती. वाईच्या शाळांची तपासणी दुसऱ्या बाईंकडे असायची, त्यामुळे तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघी एकत्रच निघालो. त्यांच्या मांडीवर शाल, नारळ आणि हार. फाटा जवळ आला तसं मी म्हटलं, "बाई, उतरा. माझ्याकडे जेवायचं कबूल केलंय." त्या नको नको म्हणायला लागल्या. घरच्यांना सांगितलेलं नाही, सासूबाई घाबरतील, असं काहीबाही. मी त्यांची पिशवी उचलली आणि खाली उतरले. पिशवी गेल्यावर त्यांना उतरावंच लागलं.

माझ्या सासूबाईंना बाई कोण ते ठाऊक नव्हतं. खीर, फिनेल, काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, "बसा की आवं, दमलाईसा," म्हणाल्या आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसल्या. मी अंग चोरून उभी. सासूबाईंच्या हातात कोपरापर्यंत काकणं, पीठ थेट काकणांत गेलेलं. वांग्याची आमटी चुलीच्या वैलावर होती, ती सकाळची की आत्ताची ते मलाही माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं नाही. आमटी कधी उतरवली, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नसावं. त्यांनी ताटासाठी हात पुढे केला.

"कंचं गाव तुमचं?" सासूबाईंनी भाकरी उलटता उलटता विचारलं.

"कोयनेच्या वर होतं. पाण्यात गेलं."

"म्हंजी म्हायेर न्हाईच म्हना तुमाला."

"नाही."

"मंग येत जावा की हिकडं कवाबी." सासूबाईंनी बुक्कीनं कांदा फोडून ताटात टाकला. "घ्या. लाजू नगासा. आजून आमटी वाढू का?"

बाईंनी तीन भाकरी खाल्ल्या. एवढ्या काटकुळ्या बाईच्या पोटात तीन भाकरी कुठं गेल्या कोण जाणे. मी त्यांना फाट्यावर शेवटच्या गाडीला बसवायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंनी मला गाव विचारलं. काय काम करता ते विचारलंच नाही, बघितलंस?" गाडी आली आणि त्या गेल्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. मी निरोप धाडले, पण मग माझी बदली जतकडे झाली, मुलं झाली, वर्षं गेली. एकदा सुट्टीत सासरी आले असताना वाईला गेले आणि घाटाजवळची खोली शोधून काढली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, की त्या मागच्या थंडीतच गेल्या. झोपेतच गेल्या. कुणाला कळवायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आळीतल्या लोकांनीच सगळं केलं.

"फार एकट्या होत्या हो," त्या म्हणाल्या. "आम्ही सणावाराला जेवायला बोलवायचो. यायच्या नाहीत. म्हणायच्या, चारचौघांत बसून जेवायची सवयच लागली नाही, आता कुठं लावून घेऊ. पण एक जेवण मात्र सारखं सांगायच्या. फाट्याच्या आत एका घरी म्हणे वांग्याची आमटी आणि भाकरी खाल्ली होती. भाकरी कशी होती, कांदा कसा फोडून दिला, सगळं. इतकं सांगायच्या, की आम्हाला वाटायचं, काल-परवाच जेवून आल्यात."

घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की बाई गेल्या.

"कंची बाई गं?"

मी खुणा सांगितल्या. उंच, पांढरं पातळ, कोयनेकडच्या, गाव पाण्यात गेलेल्या. तुम्ही त्यांना कवाबी या म्हणाला होतात. सासूबाईंनी हातातली शेंग तशीच धरून पुष्कळ आठवून बघितलं.

"न्हाई बाई ध्यानात येत," त्या शेवटी म्हणाल्या. "घरात मानूस येतंय, जेवतंय, जातंय. कुनाकुनाचं ध्यानात ठिवायचं? पोटभर जेवली हुती न्हवं ती?"

"हो. तीन भाकरी खाल्ल्या."

"मंग झालं तर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती शेंग फोडली.